आयेच्या खोलीतली तार

आये गेली तेव्हा मी माहेरी, धामापूरला होते. भावाकडे सत्यनारायण होता. पंगत बसायच्या बेतात असताना माझ्या नवऱ्याचा, सदाचा फोन आला. 'आये गेली...' एवढंच म्हणाला तो. खरं सांगते, रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, मी घरात नाही ते बघूनच गेली ही. आम्ही दोघींनी इतकी वर्षं एकमेकींवर नजर ठेवून काढली, आणि ऐन वेळी ती माझी नजर चुकवून निघाली. आता महिना उलटला, तरी ती शंका मनातून जात नाही.

आये म्हणजे माझी सासू. विजयदुर्गच्या बंदरावर होड्या लागल्या की मासळी घ्यायची आणि डोक्यावर टोपली घेऊन आसपासच्या गावांत विकायची. सासरे लवकर गेले, सदा तेव्हा शाळेतही जात नव्हता. माशाचा कल्ला उचलून बघितल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे, आणि माणसांच्या बाबतीतही तिची तीच रीत. मी आतल्या गावची, भातशेतीवाल्यांची मुलगी. लग्नानंतर पहिल्यांदा बांगडे साफ करायला बसले, तेव्हा ती समोर पाट टाकून बसली आणि शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही. मला ती कधी वाईट बोलली नाही. चांगलंही बोलली नाही. शेजारणीच्या सुनेला हाक मारून 'गो, वायच पाणी हाड' म्हणायची, मला मात्र कधी पाणीही आणायला सांगायची नाही. स्वतः उठून घ्यायची. ते मला फार लागायचं. ती मला आपली मानते की पाहुणी, एवढंच मला कळायला हवं होतं आणि तेवढंच ती कळू देत नव्हती.

सदा बरीच वर्षं गोव्यात हॉटेलांमधून टीव्हीच्या जोडण्या करत होता. तिथे काय काय बघितलं कोण जाणे, पण २००८ साली आम्ही नवं घर बांधायला घेतलं तेव्हा गिलाव्याच्या आधीच त्याने भिंती खोदून नळ्या बसवल्या आणि त्यांतून निळ्या तारा ओढल्या. हॉलच्या कपाटात कॉम्प्युटर, त्यात साठवलेले सिनेमे. प्रत्येक खोलीत टीव्ही आणि टीव्हीखाली एक काळी डबी. पावसाळ्यात केबलवाल्याची तार तुटो नाहीतर राहो, ज्याला हवा तो सिनेमा त्याने आपल्या खोलीत लावायचा. आये कमरेवर हात ठेवून त्या नळ्या बघत उभी राहिली.

'ह्या नळयेतसून पाणी येवचा नाय, मगे नळी कित्याक?'

'सिनेमे येतले गो आये.'

'आणि परत काय जातलां?'

सदा खो खो हसला. मी हसले नाही, कारण हे विचारताना ती माझ्याकडे बघत होती.

नव्या घरात राहायला गेलो आणि तिचं आपल्या खोलीतलं बोलणंच बंद झालं. तारेतून सिनेमे येतात, तर आपलं बोलणंही जात असणार, असं तिने मनाशी घेतलं. टीव्ही बंद असला तरी डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकायचा. 'डोळो मारता मेलो,' म्हणून तिने त्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला. तिची बंदरावरची जोडीदारीण यशोदामावशी आली की तिला हाताला धरून मागच्या फणसाखाली न्यायची. तिन्हीसांजेला दिवा लावून ती देवाला गाऱ्हाणं घालायची, घरादारासाठी मागणं मागायची. ते खरं तर घरातल्या पुरुषाचं काम, पण सासऱ्यांनंतर तिनेच ते अंगावर घेतलं होतं. पूर्वी मोठ्याने घालायची, आता नुसते ओठ हलायचे. मग माझ्या मनात पाल चुकचुकली. देवाला सांगायचं ते सुनेच्या कानावर पडायला नको, म्हणजे ते सुनेबद्दलच असणार. दुसरं काय असणार?

शेवटी सदाने एका रविवारी सकाळी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. आयेला तिच्या खोलीत बसवलं आणि स्वतः हॉलमध्ये कपाटापाशी जाऊन उभा राहिला. 'आये, काय व्हया तां बोल. माका हय कायएक आयकाक येवचा नाय!' आता घर कौलारू. आपल्याकडे ठेवतात तशी भिंतींच्या वर हवेला मोकळी जागा ठेवलेली. या खोलीतलं त्या खोलीत ऐकू येणारच, पण तारांच्या नादात सदाला ते सुचलं नाही. आयेने डबीवरचं फडकं काढलं, समोर मांडी घातली, हात जोडले आणि सणसणीत आवाजात सुरू केलं, 'बा देवा म्हाराजा... ह्या तारेच्या वाटेन जर कोण माझी गजाल आयकीत आसात, तर तेका वायच बुद्धी दी रे म्हाराजा...' आणि हॉलमधून सदा तेवढ्याच जोरात म्हणाला, 'होय म्हाराजा!'

जन्मापासूनची सवय. गाऱ्हाणं थांबलं की ऐकणाऱ्याच्या तोंडातून हा हुंकार निघतोच, डोक्याला विचारावं लागत नाही. मी कपाळावर हात मारला. आये बाहेर आली, लेकाला ओलांडून माझ्यासमोर उभी राहिली. मला म्हणाली, 'बघलंस?' जणू सगळा कट मीच केला होता.

त्यानंतर मात्र विचित्रच झालं. आये आपल्या खोलीत पुन्हा बोलायला लागली, तेही थेट डबीशी. मी स्वयंपाकघरात असले की भिंतीवरून सगळं ऐकू यायचं. 'आजची कढी बरी होती, मीठ तेवढा कमी.' 'ह्या चेडू उपाशी घोवाची वाट बघीत बसता, जेवाक काय जाता तेका?' मी मीठ वाढवलं, सदाची वाट न बघता वेळेवर जेवायला लागले. तिला अवाक्षर सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. म्हातारीला भ्रम झाला असं मला वाटायचं, आणि भ्रम नसेल तर माझी परीक्षा चाललीय असंही वाटायचं. शेवटी ती आजारी पडली तेव्हा भावाच्या पूजेला जायचं नाही असं मी ठरवलं होतं. आदल्या दिवशी खोलीतून खोकत खोकत आवाज आला, 'भावाकडे पूजा आसा, आणि ह्या माझ्या पायांकडे बसान रवलां...' म्हणून मी गेले.

बाराव्याला यशोदामावशी आली. मी तिला त्या डबीचं सांगितलं.

'ता यंत्र आयकता, असा तिका पयल्या चार दिवसांनी कधीच वाटाक नाय गो. भिंत वरसून उघडी आसा, ता तिका दिसा नाय?'

'मग डबीला कशाला सांगायची?'

'माका म्हणायची, सुनेक तोंडार सांगलंय तर तिका हुकूम वाटतलो. डबयेक सांगलंय, तर तिच्या मनात आसात तां करीत. तिची सासू तिका खूप राबवी, ता ती इसराक नाय.'

आधी मला रागच आला. मासे विकणाऱ्या बाईने मला चांगलंच गंडवलं होतं. मग रडू आलं, तिच्या जाण्यानंतरचं पहिलं खरं रडू. मला न सांगता ती स्वतः उठून पाणी घ्यायची ते कशासाठी, हे कळायला एवढी वर्षं लागावीत... आणि तेही तिने नाही, तिसऱ्या बाईने सांगावं.

परवा सदा म्हणाला, त्या खोलीतला टीव्ही काढून टाकू या. मी नको म्हटलं. तो बाजारात गेला आणि मी आयेच्या खोलीत जाऊन बसले. घरात कोणी नव्हतं, तरी दोनदा मागे वळून बघितलं. मग त्या डबीसमोर मोठ्याने म्हणाले,

'आये, माका तुझो हुकूमच व्हयो होतो गो.'