आतून लावायची कडी

वसुधाताई गेल्याचे मला त्यांच्याच फोनवरून कळले. पडद्यावर नाव त्यांचे होते, मजकूर मात्र त्यांच्या भावाचा. त्या संदेशाला मी अद्याप उत्तर दिलेले नाही... त्यांच्याच क्रमांकावर त्यांच्याविषयीचा शोक कसा कळवावा, हे मला उमगत नाही.

भिलाईच्या नेहरू नगरमधल्या त्यांच्या समुपदेशनाच्या खोलीत मी प्रथम गेले ती आईसोबत. लहानपणीच्या पोलिओमुळे मी व्हीलचेअरवर असते. एम.ए. झाले, शिकवण्या घेऊ लागले, चाळिशी ओलांडली, तरी माझ्या वतीने बोलण्याची आईची सवय सुटली नव्हती. टेबलापलीकडे ताईही व्हीलचेअरवरच होत्या. मला झोप येत नाही, जेवण जात नाही, हे सारे आईनेच सांगितले. ताईंनी शांतपणे ऐकून घेतले. "काकू, तुमचं झालं असन तं बाहेर चहा घ्या. आता मले हिचं ऐकू द्या."

दार लागल्यावर त्यांनी विचारले, "कोणी आवडते का तुले?" मला रडू आले. प्रश्नाने दुखावले नव्हते. तो आजवर मला कुणी विचारलाच नव्हता.

अपंग माणसाचे शरीर, त्याची ओढ, लग्न, नकार देण्याचा त्याचा हक्क, हेच ताईंचे काम. मुलीला न विचारता तिच्या शरीराचे निर्णय घेणाऱ्या कुटुंबांशी त्या न थकता वाद घालत. "रॅम्प मागा, पेन्शन मागा, लोक मान डोलावतात," त्या हसून म्हणत, "प्रेम म्हटलं का सगळ्यायले खोकला येते."

मला एक गृहस्थ आवडत होते. त्यांच्याशी फोनवर बोलायलाही घरात जागा नव्हती. लहानपणी मी न्हाणीघरात पडले, तेव्हा धास्तावलेल्या बाबांनी तिथली आणि माझ्या खोलीची कडी काढून टाकली होती. बाबा गेले, तरी ती दारे तशीच राहिली. हे कळल्यावर एका रविवारी ताई आमच्या घरी आल्या.

"ते आत पडली तं?" आई म्हणाली. "दरवाजा तोडावा लागन."

"मंग तोडजा. भिलाईत सुतार कमी आहेत का?"

"पण तिले कावून पाहिजे कडी?"

"तुमच्या खोलीले कावून होती, काकू?"

आईने पदर तोंडाला लावला. तिला हसू आले होते की राग, ते मला आजही ठरवता येत नाही. पुढच्या आठवड्यात पावर हाउस भागातल्या सुताराने माझा हात पोचेल इतक्या खाली कडी बसवली.

त्या गृहस्थांशी पुढे काही जुळले नाही. तेही दुःख मी त्याच दाराआड, माझे एकटीचे म्हणून भोगले.

ताई गेल्या त्या दिवशी मी कडी लावून बसले होते. संध्याकाळी आई दाराशी आली. तिने दार ढकलले नाही. "चहा ठेवला आहे. तुले वाटन तवा ये," एवढेच म्हणाली. मग तिचे गुडघे कटकन वाजल्याचे ऐकू आले. ती तिथेच, उंबऱ्याबाहेर खाली बसली होती... मी बराच वेळ रडत राहिले, आणि तिने एकदाही हाक मारली नाही.