मुऱ्हाळी झुबेदाबी

आमच्या चौलात झुबेदाबीबद्दल बोलायला वेळ नाही असा माणूस मी पाहिला नाही. मी तर शेजारीण. तिच्या वाडीत आणि माझ्या वाडीत एक कुडाचं कुंपण, आणि त्या कुंपणाला कान लावून मी संसाराची निम्मी वर्षं काढली. तेव्हा इतर लोक अंदाजाने जे सांगतात ते मी खात्रीने सांगते, एवढाच फरक.

झुबेदाबी गलबतावरच्या तांडेलाची मुलगी. लग्न होऊन ती मोंबासाला गेली. तिथे तिचा नवरा भाड्याची मोटार चालवायचा. मोठ्या घरच्या पडदानशीन बायकांना परक्या पुरुषाच्या मोटारीत बसायचं नसे, म्हणून त्याने बायकोलाच मोटार शिकवली. दहा वर्षं तिने त्या बायका विहिणीकडे, बाजारात, दर्ग्यात पोचवल्या. नवरा तापाने गेला. ही दोन मुली आणि एक उघड्या टपाची हिरवी मोटार घेऊन बोटीने परत आली. मुली दिल्या एकीपाठोपाठ एक श्रीवर्धनला. मोटार मात्र दिली नाही कुणाला, आणि चौलचा राग तोच होता. विधवेने मोटार ठेवावी हे एक वेळ चाललं असतं. ती चालवते म्हणजे काय?

१९३१ सालचा मार्गशीर्ष. धाकटी रेहाना सात महिन्यांची गरोदर. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आमच्यातही आणि त्यांच्यातही. पण मुलीला आणायला मुऱ्हाळी जावा लागतो: भाऊ, काका, मामा, कुणीतरी माहेरचा पुरुष. नुसता निरोप धाडून सासरचे पाठवत नाहीत. झुबेदाबीला मुलगा नाही, भाऊ नाही. होता एक दीर, फकरुद्दीन. तो म्हणाला, "जातो की. पण मोटार माझ्या नावाने कर, आणि त्या चाकाला पुन्हा हात लावणार नाहीस असं जमातीसमोर सांग."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर पोरगी राहील सासरी. नाहीतर तेच बसवतील तिला बोटीत."

बोटीचं नाव काढायला नको होतं त्याने. मुंबईची आगबोट श्रीवर्धनला किनाऱ्याला लागत नाही, लांब उभी राहते. माणसं पडावातून तिच्यापर्यंत जातात आणि हलत्या पडावातून शिडी धरून वर चढतात. तीन वर्षांपूर्वी थोरली हाजरा अशीच सातव्या महिन्यात माहेरी निघाली होती. शिडीवरून पाय सुटला. मूल गेलं, आणि आठ दिवसांनी हाजराही. मुऱ्हाळी म्हणून बरोबर हाच फकरुद्दीन होता. बिचाऱ्याने हात दिला होता, पण पोचला नाही.

झुबेदाबी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभी. अंगात नवऱ्याचा जुना कोट, डोक्याला रुमाल घट्ट.

"नीराबाय, श्रीवर्धनला येतेस? बरोबर एक बाईमाणूस असू दे."

"रस्ता कुठे आहे तिथे?"

"आहे तिथे रस्त्याने, नाही तिथे पुळणीने. ओल्या वाळूवर मोटारीला धक्का बसत नाही. येताना पोर बरोबर असणार."

मी आमच्या मास्तरांकडे पाहिलं. दत्तात्रेयपंत वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "जा जा. चार दिवस घराला विश्रांती." मी रागाने लगेच तयार झाले. दशम्या, पंचांग आणि एक जादा लुगडं, एवढं सामान.

आम्ही निघालो तेव्हा फकरुद्दीन रस्त्यात आडवा उभा राहिला. झुबेदाबीने भोंगा वाजवला नाही. मोटार त्याच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर आणून थांबवली आणि इंजिन चालू ठेवून बसून राहिली. सगळी आळी बघत होती. फकरुद्दीनला आधी खोकला आला, मग बाजूला काहीतरी काम आठवलं.

रेवदंड्याच्या खाडीवर दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्या टाकल्या आणि मोटार चढवली. चढवण्याआधी नावाडी म्हणाला, बाईने चढवू नये, होडीला बाधतं. झुबेदाबी म्हणाली, "मग तू चढव." तो मोटारीत बसला, चाकाकडे पाहिलं, दांड्यांकडे पाहिलं, आणि खाली उतरला. पुढे संस्थानच्या हद्दीवर नाकेदार वही घेऊन आला. "ड्रायव्हर कुठाय?" त्याने मोटारीखाली वाकूनसुद्धा पाहिलं. शेवटी वहीत 'ड्रायव्हर: स्वतः' असं लिहून सुटला.

पहिली रात्र मुरूडला, दुसरी रात्र आणखी एक खाडी ओलांडून दिवेआगरला. बैलगाडीच्या वाटेने माझी हाडं खिळखिळी झाली. मी कुरकुरले की ती म्हणायची, "म्हणून तर तुला आणलं. तुला किती लागतं ते बघतेय. त्यावरून येतानाची वाट ठरवायची." शेजारधर्म म्हणतात तो असा.

तिसऱ्या दिवशी आरावीची पुळण. ती संपली की श्रीवर्धन. पण पुळणीच्या मधोमध एक ओहोळ समुद्राला मिळतो, आणि तो पुऱ्या ओहोटीच्या सुमारालाच चाकाखाली घेता येतो. ओहोटीची वेळ काढायची झुबेदाबीची रीत बापाकडून आलेली. चंद्राचा जितवा दिवस, त्याची पाऊणपट करायची. तितक्या वाजता पुरी भरती, आणि सहा तासांनी पुरी ओहोटी. आमचे कोळीही तिथीवरून असंच काढतात. फरक इतकाच, की मुसलमानांचा महिना चंद्र डोळ्यांना दिसल्यावर लागतो, म्हणून त्यांची तारीख आमच्या तिथीच्या एक दिवस मागे चालते. तिच्या बापाने शिकवलं होतं: आपल्या तारखेत आधी एक मिळवायचा, मग पाऊणपट.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी तिने विचारलं, "आज कितवा गं? रस्त्यात माझी मोजणी चुकली." मी ऐटीत पंचांग उघडलं. त्रयोदशी. "तेरावा," म्हटलं.

तिने तेरात एक मिळवला. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे ओहोटी साडेचारला. आम्ही उंडीच्या झाडाखाली निवांत चहा केला, दशम्या खाल्ल्या. मी तिला गावातल्या तिघींच्या भानगडी सांगितल्या. खरी ओहोटी पावणेचारलाच होऊन गेली होती. आम्ही साडेचारला पुळणीवर उतरलो तेव्हा समुद्र परत निघालेला होता, आणि आम्हाला वाटत होतं तो जातोय.

ओहोळात मागची चाकं बसली. तिने मागे घेतली, पुढे घेतली, ती आणखी बसली. मी उतरून ढकललं. माझ्या वजनाचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग होईल असं वाटलं होतं, तोही झाला नाही. तेवढ्यात एक लाट येऊन माझ्या घोट्यांना लागली.

"नीराबाय, तेरावा म्हणजे कुणाचा तेरावा?"

"पंचांगाचा. आणखी कुणाचा?"

मला शिव्या हव्या होत्या, तिने दिल्या नाहीत. झाकण उघडलं, पाना काढला आणि इंजिनमधला एक लोखंडी डबा सोडवायला लागली. त्याला मॅग्नेटो म्हणतात. इंजिनला ठिणगी तोच देतो, आणि खारं पाणी लागलं की तो मेलाच.

वरच्या शेतातला नामा बैल घेऊन चालला होता. त्याने हाक दिली. "बाय, मोटार सोडा न् वर या. आता काय व्हनार न्हाय. बैलबी फसतील."

"पहाटेच्या ओहोटीला बैल आणशील?"

"आनीन. पर मोटार ऱ्हायली पायजे ना."

झुबेदाबीने काथ्याचा दोर काढला आणि होडी नांगरावी तशी मोटार खडकाला बांधली. डबा कोटात गुंडाळला, मूल घेतात तसा कुशीत घेतला, आणि आम्ही श्रीवर्धनपर्यंत चालत गेलो. मागे वळून मी पाहिलं, तिने नाही.

व्याही अब्दुस्समद मगरिबची नमाज आटोपून ओटीवर बसले होते. सुपारीचे मोठे बागाईतदार, सभ्य माणूस, आवाज कधी चढायचा नाही. अशा माणसांशी भांडणं फार अवघड. जावई वहाब रंगूनला नोकरीवर. आमची गुडघ्यापर्यंत भिजलेली लुगडी बघून शेजारचे दहा-बारा लोक गोळा झाले.

"बीबी, कुणाबरोबर आलात?" अब्दुस्समद म्हणाले.

"नीराबायबरोबर."

"मुऱ्हाळी कोण आलाय, ते विचारतोय."

"मीच."

"माणूस कोण?"

"मी माणूसच आहे, समदभाई. दिवा जवळ आणून बघा."

कुणीतरी हसलं. अब्दुस्समद हसले नाहीत. "आणि मोटार?"

"आरावीच्या पुळणीवर. पाण्यात."

मग मात्र सगळेच हसले. अब्दुस्समदांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. "बीबी, तुमचा एक घाव मला माहीत आहे. पण परवा सकाळी आगबोट येते. माझा पुतण्या रेहानाला घेऊन जाईल, मी स्वतः पडावात तिचा हात धरीन. जी मोटार तुम्हाला दारापर्यंत आणू शकली नाही, तिच्यात मी गरोदर सून बसवणार नाही. यात माझं काय चुकतं?"

काही चुकत नव्हतं. चुकलं होतं माझं, आणि मी खाली मान घालून उभी होते. माझ्या ओळखीच्यांना हे खरं वाटणार नाही.

"परवा सकाळपर्यंत मोटार दारात चालू उभी राहिली तर?" झुबेदाबी म्हणाली.

"तर बघू."

"बघू नाही. तर माझी मुलगी माझ्याबरोबर."

त्यांनी हातातली जपाची तसबी खिशात टाकली. "बरं," म्हणाले.

पहाटे नामाने दोन जोड्या आणल्या. मोटार जागेवर होती. बैठकीवर समुद्रशेवाळ आणि खाली दोन खेकडे, ते नामाने घरी नेले. दिवस उजाडता उजाडता बैलांनी ओढत मोटार श्रीवर्धनच्या बाजारातून अब्दुस्समदांच्या अंगणात आणली. पोरं, म्हातारे, सगळे मागून. वरात काढावी तशी निघाली ती.

मग झुबेदाबीने त्या अंगणात जे केलं ते श्रीवर्धनने तोपर्यंत पाहिलं नव्हतं. बाह्या वर केल्या आणि इंजिन उघडून एकेक भाग सुपावर मांडला. खारं पाणी काढायला गोडं पाणी लागतं. रेहाना ओटीवरूनच म्हणाली, "विहीर आपलीच आहे." आधी घरातली मोलकरीण घागर घेऊन आली, मग शेजारची फिरोजा, मग तिची सासू, मग बायकांची रांगच लागली. पुरुष ओटीवरून बघत होते, बायका पाणी ओतत होत्या. मी कुठला खिळा कुठला ते लक्षात ठेवायच्या कामावर होते. पंचांग मात्र माझ्याकडून काढून घेतलं होतं. मॅग्नेटो चुलीजवळ, फार जवळ नाही, शेवया वाळवतात तसा फडक्यावर ठेवलेला.

संध्याकाळी सगळं जोडून तिने पुढचा दांडा फिरवला. इंजिन शिंकलं आणि गप्प झालं. पुन्हा उघडलं, पुन्हा वाळवलं. ठरलेल्या दिवशी सकाळी लांबून आगबोटीचा भोंगा ऐकू आला. अब्दुस्समदांनी रेहानाची ट्रंक गड्याच्या डोक्यावर दिली.

रेहाना बाहेर आली. सगळ्यांना वाटलं, गड्यामागून निघेल. ती सावकाश अंगण ओलांडून मोटारीपाशी गेली, दार उघडलं आणि मागच्या बैठकीवर बसली.

"उतर, बेटा," अब्दुस्समद म्हणाले.

"अब्बा, मी पडावात चढणार नाही. मोटार चालू होईपर्यंत इथेच बसते. नाही झाली तर बाळंतीण इथेच होईन."

इतकं मृदू बोलली पोर. झुबेदाबीने दांडा फिरवला. तो उलटा फिरून तिच्या मनगटाला लागला. तिने मनगट कोटात दाबून धरलं आणि डाव्या हाताने फिरवला. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा मोटारीने काळा धूर सोडला, अंगणातल्या कोंबड्या छपरावर गेल्या, आणि इंजिन धडधडायला लागलं. थांबलं नाही.

अब्दुस्समदांनी गड्याला हाक मारली. "ट्रंक मोटारीत ठेव."

मग त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि मोटारीच्या पुढे चालायला लागले. सून पुरुषाशिवाय घरातून गेली असं कुणी म्हणू नये म्हणून. सगळा बाजार संपेपर्यंत ते काठी टेकत पुढे, आणि झुबेदाबी त्यांच्या पावलाने मागे. वेशीवर ते बाजूला झाले.

"वाळूवरून सांभाळून न्या."

"समदभाई, चाक माझ्या हातात आहे," झुबेदाबी म्हणाली. पण मोटार तिने त्यांना सलाम करून मगच पुढे घेतली.

ओहोटी या वेळी तिनेच काढली. पुळणीवर धक्का म्हणून बसला नाही. रेहाना माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी तीन तास हललेसुद्धा नाही आणि बोललेही नाही. आमच्या मास्तरांनी ही गोष्ट अजून खरी मानलेली नाही.

फाल्गुनात रेहानाला मुलगी झाली, दोघी खुशाल. बाळाच्या कानात अजान द्यायला घरचा पुरुष लागतो. झुबेदाबीने फकरुद्दीनकडे निरोप धाडला: काम पुरुषाचं आहे, तेव्हा ये. तो आला. दारात उभ्या मोटारीला लांबून वळसा घालून आला, बाळाला हातात घेतलं, अजान दिली. मूल परत देताना, ते झुबेदाबीच्या हातात नीट पोचेपर्यंत त्याने हात सोडले नाहीत. झुबेदाबीने त्याला बसायला सांगितलं आणि स्वतः उठून चहा केला.