माझ्या ईमेल प्रोग्रॅमचा उतावळा पोस्टमन

मंडळी, आज जाम खूश आहे!

टर्मिनलवर, म्हणजे संगणकाच्या नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, हुकूम (कमांड) टाईप करून चालवायचा एक छोटा ईमेल प्रोग्रॅम मी लिहिलाय. सकाळी एका अनोळखी वापरकर्त्याने कळवलं, की जोडलेल्या फाईलच्या नावातच कुणी हुकूम लिहिला, तर फाईल उघडताना तो चालतो. फाईलच्या नावात फोल्डर पुसायचा हुकूम लिहून पाहिला. डोळ्यांदेखत माझं चाचणीचं फोल्डर साफ!

अण्णांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं. ते एकाहत्तर-बाहत्तर साली अकोले तालुक्याच्या डोंगरात पोस्टमन होते. निरक्षरांना पत्रं वाचूनही दाखवायचे.

ते खो खो हसले. "आगं, पत्रात 'बैल विका' असलं, तर मी वाचून दाखवायचो. बैल सोडून बाजारात न्यायचो न्हाई! तुझा पोस्टमन लई उतावळा हाय."

अगदी हेच होत होतं! दुपारी दुरुस्ती केली. आता फाईलचं नाव फक्त नाव म्हणूनच वाचलं जातं. तीच फाईल पुन्हा उघडली. नाव दिसलं, फोल्डर जागच्या जागी!

"आता धाड त्याला टपाल वाटायला," अण्णा म्हणाले.

प्रोग्रॅम तर सुधारला. पण खरं सांगा, फॉरवर्ड आलेला मेसेज आपण नुसता वाचतो, की लगेच बैल सोडतो?