खोली मोठी करून दिली तर?

वकीलबाई गेल्या, हे मला काळेवाडीच्या चौकात रिक्षाची वाट बघताना कळलं. त्यांच्या यजमानांचा फोन होता. "काका, शैलजा सकाळी गेली..." मी म्हणालो, "असं कसं? ताथवड्याची शाळा राहिलीय अजून." माणूस गेल्यावर असं बोलतात का, म्हणून घरच्यांनी मला झापलं. मला लाज वाटत नाही. बाईंनीही तेच विचारलं असतं.

मी चौथी शिकलेला. तळवड्याच्या वर्कशॉपात जन्मभर फिटर होतो. नातीला, आरोहीला, शिक्षण हक्काच्या कायद्यातून मोठ्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला. पण तिथं फुकट शिकणारी सगळी मुलं मागच्या पत्र्याच्या खोलीत बसवायचे. ये-जा बाजूच्या फाटकातून. एक दिवस पोरगी म्हणाली, "आजोबा, आमच्या फाटकाला वॉचमन का नाही?" मी शाळेत जाऊन विचारलं. मुख्याध्यापक साहेब म्हणाले, "पुस्तकं तीच, शिक्षक तेच. वेगळं काय आहे?"

पालकसभेच्या दिवशी मी खिशात टेप घेऊन गेलो आणि पुढचा आणि मागचा, दोन्ही वर्ग मोजले. लांबी, रुंदी, खिडक्या, बाकाची उंची. मागची खोली सहा फुटांनी आखूड निघाली. तो कागद घेऊन वकीलबाईंकडे गेलो. नवरा-बायको दोघंही वकील, ऑफिस पिठाच्या गिरणीच्या वर. गिरणी चालू झाली की टेबल थरथरायचं. यजमान लिहायचे, कोर्टात उभ्या बाई राहायच्या. त्यांनी कागद वाचला आणि पालथा ठेवला.

"काका, माप चोख आहे. पण उद्या त्यांनी खोली मोठी करून दिली तर? आपण घरी जायचं?"

मला राग आला. माझं माप आजवर कुणी पालथं ठेवलं नव्हतं. "बाई, कायदा तुम्ही शिकलात, टेप मी शिकलोय," म्हणालो, टेप त्यांच्या टेबलावर आपटला आणि जिना उतरलो. पुन्हा जायचं नाही, असं ठरवलं होतं.

महिनाभरात शाळेनं ती खोली पाडून नवी बांधली. चकचकीत फरशी, पंखे, भिंतीवर मोठा पडदा. फाटकावर वॉचमनसुद्धा. पालक म्हणू लागले, "आता कशाला ताणता राव, मिळालं ना सगळं?" मुलं मात्र अजून मागेच होती. मी मुकाट्यानं गिरणीचा जिना चढलो.

"बाई, खोली आता पुढच्यापेक्षा लांब झालीय."

"मोजलीत?"

"पावलांनी. टेप तुमच्याकडं राहिलाय."

बाई हसल्या. टेप खणात टाकला आणि म्हणाल्या, "निकालापर्यंत इथंच राहू दे. तुम्ही परत पळून जाल."

हायकोर्टात शाळेच्या नामांकित वकिलांनी खोलीचे फोटो दाखवले. म्हणाले, असा वर्ग सबंध शाळेत दुसरा नाही. वकीलबाई उठल्या. "मग संस्थाचालकांनी आपली नातवंडं त्या वर्गात बसवावीत. आमची हरकत नाही." नामांकित वकील कागद चाळत राहिले... निकाल लागला : मुलं एकत्र बसतील आणि एकाच फाटकातून येतील.

बाहेर मी म्हणालो, "बाई, हे तुम्ही मला आधीच समजावून सांगायचं होतं."

"सांगत होते. तुम्ही टेप आपटून गेलात."

टेप न्यायचा राहूनच गेला. मग बाईंचं दुखणं निघालं. ताथवड्याच्या एका शाळेत अशाच मुलांना डबा खायला वेगळी वेळ दिली होती. ती फाइल त्यांनी इस्पितळातही उशाशी ठेवली होती.

तेराव्यानंतर ऑफिसात गेलो. यजमानांनी खणातून टेप काढून पुढं केला. "तुमची वस्तू, काका. ताथवड्याची फाइलही तिथल्या पालकांना परत करतोय. मला तिच्यासारखं उभं राहून बोलता येत नाही."

मी टेप घेतला, खणात होता तिथंच ठेवला आणि खण लावला.

"ताथवड्याची माणसंही काहीतरी मोजूनच आणतील," मी म्हणालो. "त्यांना बाईंचा तो प्रश्न कुणी विचारायचा? मी विचारू?"

मी समोरची खुर्ची ओढली आणि बसलो. खाली गिरणी सुरू झाली, टेबल थरथरायला लागलं.

"काढा फाइल," मी म्हणालो. "मी आज पळून जाणार नाही."