बाहुलीच्या आतला हात

आमच्या गावची दूध सोसायटी बंद पडली नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. बंद पडली म्हणणाऱ्यांशी मी तेव्हाही भांडायचो. पाटी होती, संचालक मंडळ होतं, किल्ली माझ्याकडं होती. फक्त दूध नव्हतं. त्या दुष्काळात जनावरं एक तर छावणीत गेली होती, नाही तर बाजारात. मी डेअरीत फॅट तपासायला होतो. आता दूधच नाही म्हटल्यावर तपासणार काय, कपाळ? तरी रोज सकाळी जायचो, कुलूप काढायचो, झाडून घ्यायचो आणि बसून राहायचो.

डेअरीच्या मागच्या अंगाला दूध थंड ठेवायची खोली होती. जाड भिंती आणि वर एकच झरोका. दार लावून झरोक्यावर पोतं टाकलं की भर दुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही. ही खोली बघून माझ्या मित्राच्या डोक्यात किडा वळवळला. तो लग्नाचं शूटिंग करायचा. लोकांनी लग्नंच पुढं ढकलली, त्यामुळं तोही माझ्यासारखाच रिकामा. औरंगाबादला शिकायला होता तेव्हा त्यानं इंग्रजी काळे-पांढरे सिनेमे लई पाहिलेले. त्यात एक टोपीवाला गुप्तहेर असतो, त्याच्या तोंडात सिगारेट असते, एक देखणी बाई असते जिचा कुणालाच भरवसा वाटत नाही, आणि प्रत्येकाच्या तोंडावर पट्ट्यापट्ट्यांची सावली पडलेली असते. आपण त्याची नक्कल काढू, तो म्हणाला, पण सगळा सिनेमा बाहुल्यांचा. मी म्हणालो, माणसं का नकोत? तर म्हणे, "माणसं आली की रुसवेफुगवे आले बे. बाहुल्या रुसत न्हाईत."

बाहुल्या केल्या माझ्या थोरल्या बहिणीनं. आम्ही तिला आक्का म्हणायचो. हातात मोज्यासारख्या घालायच्या त्या बाहुल्या. डोक्यात घरचा कापूस ठासलेला, करवंटी घासून केलेली गुप्तहेराची टोपी, आणि बाईच्या अंगावर आक्काच्याच लग्नातल्या शालूचा तुकडा. शालू कापताना मी तिला अडवलं. ती म्हणाली, "पेटीत ठिवून काय त्याची पूजा करू?"

त्या सिनेमांत म्हणे सदा पाऊस असतो. रस्ते ओले, त्यात दिव्याचा उजेड चमकतो. आम्ही कुठून आणणार पाऊस? टँकरच्या पाण्याला हात लावायची सोय नव्हती. आक्कानं तांदूळ धुतलेलं पाणी साठवलं आणि आम्ही फरशीच्या एका तुकड्यावर ते शिंपडलं. मित्रानं गच्चीवर आरसा धरून ऊन झरोक्यातून आत सोडलं, मध्ये संत्र्याच्या खोक्याच्या फळ्या लावल्या. गुप्तहेराच्या तोंडावर पट्ट्या पडल्या, उदबत्तीचा धूर वर गेला, आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला.

गोष्ट साधी होती. डेअरीचा चेअरमन शेवटच्या दुधाच्या कॅनसकट गायब होतो. संशय त्याच्या बायकोवर. गुप्तहेर, टँकरवाला, सरपंच, जो भेटेल तो तिला एकच विचारतो, "नवरा कुठंय तुझा?" हे वाक्य आक्कानंच घातलं. तिला ते पाठ होतं.

तिचा नवरा ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन पश्चिमेला कारखान्यावर गेला, तो तिकडंच राहिला. मेला असता तर कळलं असतं. फारकत झाली असती तर तसं सांगता आलं असतं. यातलं काहीच नाही, त्यामुळं गावाला तिला कुठं बसवावं ते कळेना. गळ्यात मंगळसूत्र, पण हळदीकुंकवाचा करंडा तिच्यापाशी आला की बाया पुढच्या बाईकडं वळायच्या. आणि पाणवठ्यावर, दळणाला, बसथांब्यावर तोच प्रश्न. सगळ्यांत जास्त विचारायची आमची थोरली चुलती, काकू. रोज विचारायची, जशी काय रात्रीतून तार आली असेल.

तर ही काकूच चार बायांना घेऊन डेअरीत आली. पावसानं ओढ दिली की आमच्याकडं बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. मांडव, हळद, मंगलाष्टकं, मारुतीपर्यंत वरात, सगळं रीतसर. एरवी चिंध्यांच्या बाहुल्या चालतात. पण मागल्या साली तशा लग्नानं थेंब पडला नव्हता, म्हणून काकूला आमची जोडी हवी होती. "ह्या टोपीवाल्याची टोपी काढू अन् मुंडावळ्या बांधू," ती म्हणाली. "अन् ही चेअरमनीण नवरी."

आक्का सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "काकू, नवरीची आय कोण व्हायची?"

काकू म्हणाली, "बगू की. तू बाहुली तर दे."

बघू म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, बाहुली तिनं केलीय, आई तीच होईल, नाही तर चालू लागा. आक्का माझ्यावरच उखडली. "गप बस. पाऊस काय तुझ्या एकट्याचा हाय?" तिनं दोन्ही बाहुल्या काकूच्या ओटीत घातल्या. पण संध्याकाळी ती जेवली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मला वाटलं होतं, एवढं तरी करू देतील."

लग्न मारुतीसमोर लागलं. नवरीची आई म्हणून दुसरीच एक लेकुरवाळी सवाष्ण बसली. आक्का मांडवाच्या बाहेर, खांबाला टेकून. अंतरपाट दूर झाला, मित्राचा हात गुप्तहेराच्या आत होता, त्यानं झोकात माळ घातली. आता नवरीची पाळी. ती बाई बाहुलीला तान्ह्या पोरासारखं कमरेला धरून उभी. बाहुलीचे हात लोंबत होते. बाईनं आत हात घालून बघितला, तर नवरीची मानच मोडल्यासारखी छातीवर पडली. पोरीबाळी हसल्या. काकू हसली नाही. ऐन मुहूर्ताला नवरीची मान पडणं तिला काही सोसलं नाही. इकडं तिकडं बघून शेवटी ती हलक्या आवाजात म्हणाली, "आक्के, ये बाई हिकडं."

आक्का सावकाश उठली. हात धुऊन आली आणि बाहुलीत घातला. नवरीनं मान वर केली. आधी नवऱ्याकडं बघितलं, मग काकूकडं, मग माळ उचलली. अक्षता पडल्या त्या निम्म्या आक्काच्या दंडावर. तिनं त्या झटकल्या नाहीत. मला तिच्याकडं बघवेना, मी उगाच मित्रावर खेकसलो की नवरदेव नीट धर.

पाऊस आला नाही. आषाढ कोरडा गेला आणि टँकरवर कुजबुज सुरू झाली. कुणाचा हात लागला ते बघा की, असं काकू म्हणाली, तेही आक्का घागर घेऊन मागं उभी असताना. आक्का तशीच रिकामी घागर घेऊन डेअरीत आली, ती कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "शेवटचा शीन राहिलाय ना? घ्या."

शेवट असा ठरला होता की गुप्तहेर विचारतो, बाई रडते, नवऱ्याला कडब्याच्या गंजीत पुरल्याचं कबूल करते, आणि तो तिला बांगड्यांच्या बेड्या घालतो. मित्र कॅमेऱ्यावर, म्हणून गुप्तहेर मी होतो. मी आवाज जाड करून विचारलं, "नवरा कुठंय तुझा?"

मारुतीपासून परत आणलेल्या बाहुलीच्या हाताला लग्नातली हळद तशीच होती. बाहुलीनं मान वर केली. मग आक्का बोलली, चेअरमनिणीच्या आवाजात नाही, स्वतःच्या. "मला इचारून न्हाई गेला तो. गेला त्याला कुणी इचारीना, अन् राहिली तिला रोज इचारतेत. आता पाऊस बी मीच अडवलाय म्हणा."

हे आमच्या कागदावर नव्हतं. मी गांगरलो. पुन्हा तेच म्हणालो, "नवरा कुठंय तुझा?" आक्का नुसती माझ्याकडं बघत राहिली. मित्रानं कॅमेरा चालूच ठेवला. बेड्या राहूनच गेल्या. सिनेमा तिथंच संपवायचा, असं त्यानं ठरवलं.

तो आम्ही त्याच खोलीत, दुपारी दार लावून गावाला दाखवला. उपड्या कॅनवर टीव्ही ठेवला. लोक दाटीवाटीनं खाली बसले. सरपंचाची बाहुली बघून लई हसले. ओला रस्ता आला तेव्हा मात्र बाया नुसत्या त्या पाण्याकडं बघत होत्या. मग शेवट आला. आक्काचा आवाज खोलीत घुमला. त्यावर माझ्या गुप्तहेरानं पुन्हा विचारलं, "नवरा कुठंय तुझा?"

अंधारात पुढून काकूचा आवाज आला. "आता पुरं कर की रं मेल्या. किती इचारशील तिला."

आक्का दाराशी बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडली. नवरा गेला तेव्हासुद्धा ती आमच्यासमोर रडली नव्हती.