गार चावी

बंगळूरला घरोघर वातीचे स्टोव्ह नुकते येऊ लागले होते. ते बनवणाऱ्या कारखान्याचा एक माणूस आमच्या मल्लेश्वरमच्या घरी स्टोव्ह कसा चालतो ते विचारायला आला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

"छान आहे," पत्नी म्हणाली. घरी आलेल्या माणसाच्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत, ही तिची रीत. त्याने हातातली वही उघडलीच नाही.

"अक्का, स्वल्प कॉफी करता?" असं म्हणून तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मांडी घालून बसला आणि तिच्या हातांकडे पाहत राहिला.

वात कमी करताना तिने पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळलं आणि चावी फिरवली. पदर ज्योतीपासून जेमतेम चार बोटांवर होता.

"छान म्हणता, मग पदर कशाला?"

"चावी तापते. मला सवय झाली आहे."

"तुम्ही कशाला सवय करून घेता, अक्का? चूक आमची आहे." त्याने चावीला बोट लावलं, चटकन मागे घेतलं आणि मग वही उघडली.

दोन महिन्यांनी त्याने लाकडी मुठीची चावी आणून बसवली. कॉफीला थांबला नाही. अजून बरीच घरं राहिली आहेत, म्हणाला.

पत्नी तापाने गेली, त्याला आता वर्ष झालं. बारा वर्षं मी पुस्तकात डोकं घालून तिच्या हातची कॉफी प्यायलो. तो माणूस येईपर्यंत तो पदर मला एकदाही दिसला नव्हता. हल्ली कॉफी मीच करतो. वात कमी करायला हात पुढे करतो, तेव्हा चावी गार लागते.