साडूभाऊंचं डावं बोट

वाद्य जुळवण्यात जन्म घालवायचा आणि वाजवायचं मात्र नाही, ही विद्या आमच्या साडूभाऊंइतकी अख्ख्या मद्रासेत कुणाला साधली नसेल, हे मी स्टँपपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. साडूभाऊ म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. मी बँकेतला, बदली होऊन वेलचेरीत येऊन पडलेला. ते वीस वर्षांपूर्वीच सांगलीहून येऊन अंबत्तूरच्या एका छोट्या कारखान्यात इन्स्पेक्टर झालेले. इन्स्पेक्टर म्हटल्यावर पोलीस डोळ्यांसमोर आणू नये. कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग बनत आणि साडूभाऊंच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही भाग फाटकाबाहेर पडत नसे. त्यांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा तिथे दरारा होता. कापलेल्या धातूच्या कडेला कधीकधी केसाहून बारीक कुसळ राहतं. ते डोळ्यांना दिसत नाही, आणि भोकाच्या आत असलं तर तिथे मापही पोचत नाही. साडूभाऊ नुसतं बोट फिरवायचे. बोट थबकलं की माल परत, नाही थबकलं की उजव्या हातातला शिक्का खाली. घरीसुद्धा ते बोट स्वस्थ नसे. ताईंनी घासलेल्या ताटाच्या कडेवरून फिरे, आमच्या नव्या कपाटावरून फिरे. एकदा तर शेजारच्या मुंजीत बटूच्या ताज्या गोट्यावरून फिरलेलं मी पाहिलं आहे, आणि साडूभाऊंच्या चेहऱ्यावरून न्हाव्याचं काम काही पास झालेलं दिसत नव्हतं.

असा हा माणूस वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गिटारच्या नादी लागला. गिटार त्यांच्या मुलीची. तिनं दोन वर्षं शिकून ती कपाटामागे उभी करून ठेवली होती. का शिकताय म्हणून विचारलं की साडूभाऊ एकाला सांगत, डॉक्टर म्हणाले; दुसऱ्याला सांगत, लाकूड पडून राहिलं की वाकतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सूर दाखवणारं काटेवालं यंत्र आणलं. पण यंत्र बरोबर कशावरून? म्हणून दुसरं आणलं. दोघांच्या काट्यांत सूतभर फरक निघाला, तेव्हा निवाडा करायला तिसरं आणलं, आणि तिन्हींवर कारखान्यातल्यासारख्या चिठ्ठ्या चिकटवल्या: कधी तपासलं, पुन्हा कधी तपासायचं. तारांचं पाकीट घ्यायला गेले की खिशातून मायक्रोमीटर काढून दुकानातच तार मोजत. दुकानदार त्यांना ‘मीटर सार’ म्हणे आणि ते येताना दिसले की चहा प्यायला बाहेर पडे. आपल्या मद्रासच्या हवेत तारा आठवड्यात गंजतात, लाकूड फुगतं, सकाळचा सूर संध्याकाळी राहत नाही. दुसऱ्या कुणी हात टेकले असते, साडूभाऊंनी वही घातली. रोज संध्याकाळी कारखान्यातून आले की सहा तारा आणि बारा पडदे, म्हणजे बहात्तर ठिकाणी तार दाबून प्रत्येक सूर तपासायचा आणि बरोबरची खूण करायची. ती तपासणी संपेपर्यंत ताईंचा स्वयंपाक होऊन पानं वाढलेली असायची. मग जेमतेम दहा मिनिटं उरायची, तेवढ्यात ते दोन-तीन तारा एकदम दाबून तीन कॉर्ड धरायचा सराव करत. म्हणजे वाजवायला बसले की आम्हाला ऐकू यायचं ते फक्त टँग, टँग, आणि मधूनच ‘हां, पास’.

मुलगी हसून लोळायची. तिनं शाळेत असताना स्वतःच एक गाणं रचलं होतं, निम्मं मराठी आणि निम्मं तमिळ, आणि त्यासाठी सगळ्यांत जाड तार एक सूर खाली उतरवावी लागे. हे ऐकून साडूभाऊंचा चेहराच पडला. ठरलेलं माप सोडायचं म्हणजे काय? दोन दिवस ते गिटारला शिवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी वहीत लिहिलं, ‘जाड तार एक सूर खाली, खास बाब म्हणून मंजूर’, आणि तिची खाली सही घेतली. माझ्यासमोर घेतली.

खरं कारण मला कळलं ते मद्रासजवळच्या कोवलमला, समुद्रावर. रविवारी सगळे फिरायला गेलो होतो, बायका पुढे पाण्यात पाय भिजवत होत्या आणि आम्ही दोघे ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीत बसलो होतो. मुलीला जर्मनीत शिकायला प्रवेश मिळाला होता, ऑगस्टमधल्या एका रविवारी रात्रीचं विमान होतं. साडूभाऊ वाळूत बोट फिरवत म्हणाले, “तिच्याशी बोलायला माझ्याकडे शब्दच नाहीत हो. तिचं मराठी जेवायला वाढण्यापुरतं. माझं तमिळ कारखान्यातलं, त्यात माल परत पाठवता येतो, पोरीला निरोप नाही देता येत. म्हटलं, जायच्या दिवशी तिचं ते गाणं तिच्यासोबत वाजवावं.” आणि हे कुणाला सांगायचं नाही अशी माझ्याकडून शपथ घेतली. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे त्यांना माहीत होतं, तरी घेतली.

जुलैच्या अखेरीस एका संध्याकाळी ते अंबत्तूरहून थेट आमच्या घरी आले, डबा हातात तसाच. चहा नको म्हणाले. मग डावा हात माझ्यापुढे धरून म्हणाले, बोटं बघा. टोकांना घट्टे पडले होते, पिवळट, चकचकीत. शिकणाऱ्यांना पडतातच, त्यात काय, असं मी म्हणालो. त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढलं, निब त्या मधल्या बोटावर दाबली आणि म्हणाले, “टोक लागत नाही.” गिऱ्हाइकानं अख्खा माल परत पाठवला होता. भोकाच्या आत कुसळं होती, आणि प्रत्येक नगावर साडूभाऊंचा शिक्का होता. वीस वर्षांत पहिल्यांदा! मालक ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला की आता पुढचा माल बघायला गिऱ्हाइकाची माणसं स्वतः येणार आहेत आणि तुम्ही त्यांच्यासमोर तपासायचा. तो दिवस सोमवारचा. मुलीच्या विमानाच्या दुसऱ्या दिवशीचा.

मी म्हणालो, उजव्या हाताचं बोट वापरा. ते म्हणाले, उजवा हात नुसता शिक्का मारणारा, त्याला काही कळत नाही. सरळ हिशेब होता. घट्टे जायला तीन आठवडे हवेत आणि हातात होते तीनच आठवडे. तार दाबली तर बोट गेलं, नाही दाबली तर गाणं गेलं. मला राग आला, खरंच सांगतो, त्यांचा नाही, त्या बहात्तर बरोबरच्या खुणांचा. नुसतं गाणं वाजवलं असतं तर दहा मिनिटांत एवढे घट्टे पडते का? तपासणीनंच तपासणाऱ्याचं बोट खाल्लं होतं.

साडूभाऊंनी गिटार खोळीत घातली. रोज कोमट पाण्यात बोटं भिजवायची आणि ताईंच्या टाचा घासायच्या वजरीनं हळूहळू घासायची. मध्येच डोळे मिटून वर्तमानपत्राच्या कडेवर बोट फिरवून बघायचे आणि मान हलवायचे. मी फोन केला की माझा पहिला प्रश्न तोच, आणि उत्तर रोज तेच: अजून नाही. ताईंना वाटे कामाची काळजी आहे. मुलीला काय वाटलं ते तिनं एकदा सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, “अप्पांचं असंच. मला वाटलंच होतं सोडणार म्हणून.” साडूभाऊ तिच्याकडे बघून हसले. मी भात कालवत राहिलो.

तो रविवार उजाडला. सोमवारचा माल आपल्याला कळेल की नाही याची साडूभाऊंना अजून खात्री नव्हती. सकाळपासून तीनदा त्यांनी माझ्या शर्टाच्या बटणाची कड चाचपली होती. दुपारी बॅगा बांधून झाल्या. मुलगी खोळीतल्या गिटारकडे बघून मला म्हणाली, “काका, ही कुणाला तरी देऊन टाका. इथे कोण वाजवणार?” झालं. मोडली मी शपथ. कोवलमपासून वजरीपर्यंत सगळं सांगून टाकलं. ती खाली बसली. मग तिनं गिटार खोळीसकट मांडीवर ओढून घेतली.

साडेसहाला टॅक्सी येणार होती. सहाच्या सुमारास तिनं गिटार काढली, जाड तार एक सूर खाली उतरवली आणि बाहेरच्या खोलीत अप्पांच्या डाव्या बाजूला चिकटून बसली. साडूभाऊंनी सवयीनं डावा हात पुढे केला. तिनं तो धरून त्यांच्याच मांडीवर ठेवला. “अप्पा, हा हात उद्यासाठी. कॉर्ड मी धरते. तुम्ही फक्त उजवा चालवा.”

गिटार दोघांच्या मांडीवर आडवी, तिचा डावा हात तारांवर, त्यांचा उजवा. तिची सराव सुटलेली मऊ बोटं दुखत असणार, कॉर्ड बदलताना तोंड वाकडं होत होतं. ती गात होती. दोनदा चुकली, एकदा साडूभाऊ चुकले, आणि त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा चूक तशीच पुढे जाऊ दिली. ताई दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. गाणं संपेपर्यंत खाली टॅक्सीचा हॉर्न दोनदा वाजून गेला.

सोमवारी बोट चारदा थबकलं आणि चारही वेळा कुसळ निघालं. गिऱ्हाइकाची माणसं खूश होऊन गेली. मला शपथ मोडल्याबद्दल साडूभाऊ एक अक्षर बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा गिटार खोळीबाहेर होती. मी म्हणालो, आता काय हरकत आहे, घट्टे पडणार नाहीत एवढं थोडं थोडं वाजवत जा. साडूभाऊंनी उजव्या हातानं मोकळ्या तारा एकदा छेडल्या आणि त्या आपोआप थांबेपर्यंत ऐकत राहिले.

“वाजवलं असतं हो,” ते म्हणाले, “पण माझा डावा हात तिकडे गेलाय.”

मी तारांवरून एक बोट फिरवलं. जाड तार अजून एक सूर खालीच होती.